विमानतळ विस्ताराचे पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन (कोल्हापूर)

धावपट्टी लांबवल्याने किंवा मोठी विमाने उतरू लागल्याने आसपासची जमीन, पाणी, हवा, शांतता आणि लोकांचे जगणे यांवर काय परिणाम होईल, याचा बांधकामापूर्वी केलेला अभ्यास. भारतात तो पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये काढलेल्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार होतो. तिच्यात विमानतळ ‘अ’ गटात मोडतात. त्यामुळे विमानतळ लहान असला तरी त्याची छाननी राज्यात न होता केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या तज्ज्ञ समितीपुढे होते.

कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीच्या माळावर १९३९ मध्ये, राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत सुरू झाला. त्यांचेच नाव त्याला आहे. २०१८ मध्ये लहान शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेतून नियमित प्रवासी सेवा पुन्हा सुरू झाली आणि मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. धावपट्टी १,३७० मीटरवरून १,९३० मीटर झाली. पुढचे उद्दिष्ट २,३०० मीटरचे. शेजारी गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत, तामगाव आणि गडमुडशिंगी ही गावे व त्यांची शेती आहे. विस्ताराचा भार प्रथम या गावांवर येतो.

कोल्हापुरात सर्वांत काळजीपूर्वक तपासायला हवे ते पाणी. अभ्यासासाठी हवा, पाणी, माती व आवाज यांच्या पायाभूत नोंदी साधारणपणे पावसाळा सोडून एका ऋतूत घेतल्या जातात. हवेच्या धुळीसाठी हे ठीक आहे, कारण पावसात धूळ बसते. पण या जिल्ह्याचा खरा प्रश्न जुलै-ऑगस्टमध्ये उभा राहतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि शहराचा रस्ता तुटला. माळ उंचावर असल्याने तिथे पूर पोहोचत नाही, हे खरे. मात्र माळावर पडलेले पाणी खालच्या शिवारातच उतरते. ४५ मीटर रुंदीची धावपट्टी ३७० मीटरने लांबवली, तर सुमारे १.७ हेक्टर जमीन डांबराखाली जाते. तिच्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की १६ लाख लिटरांहून अधिक पाणी जमा होते. पूर्वी त्यातले काही गवताखाली मुरत असे, आता जवळजवळ सगळे एकदम वाहते. ते कोणत्या ओढ्यात सोडणार, त्या ओढ्याची वहनक्षमता किती आणि वाटेत कोणाचा ऊस आहे, ही माहिती भर पावसात शिवार फिरल्याशिवाय मिळत नाही. म्हणून कोल्हापूरसारख्या ठिकाणी पावसाळ्यातील स्वतंत्र पाहणी अहवालात असलीच पाहिजे. इंधन भरण्याच्या जागेवरून वाहणारे तेलकट पाणी वेगळे काढण्याची सोयही पाण्याच्या निचऱ्याच्या आराखड्यात येते.

आवाजासाठी २०१८ पासून स्वतंत्र मानके आहेत. वर्षाला ५० हजारांहून कमी उड्डाणे-अवतरणे असणाऱ्या विमानतळाच्या परिसरात दिवसा ६५ आणि रात्री ६० डेसिबल ही मर्यादा आहे. ती सरासरी पातळी असल्याने दिवसात मोजकीच विमाने येत असतील तर सहज पाळली जाते. पण पंख्याच्या एटीआर विमानाऐवजी जेट डोक्यावरून गेले तर त्या क्षणाचा आवाज सरासरीत दिसत नाही. धावपट्टीच्या टोकाकडील शाळा आणि दवाखाने यांची वेगळी नोंद घेणे आवश्यक ठरते ते यामुळेच.

माळ म्हणजे पडीक, निरुपयोगी जमीन, ही समजूत अहवालांतून जायला हवी. गवताळ माळावर टिटवी, चंडोल, लावा हे पक्षी जमिनीवरच घरटी करतात आणि गावची जनावरे चरतात. पक्ष्यांचा दुसरा पैलू सुरक्षिततेचा आहे: उघडा कचरा आणि मांसाचे अवशेष यांकडे घारी येतात व विमानांना धडकण्याचा धोका वाढतो. त्यामुळे आसपासच्या ग्रामपंचायतींचे कचरा व्यवस्थापनही मूल्यांकनाचा भाग होते. हवेच्या बाबतीत कारखान्यांचा धूर आणि शेतात पेटवलेल्या पाचटाचा धूर विमानांच्या धुरापासून वेगळा दाखवावा लागतो.

अहवालाचा मसुदा झाला की महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ किमान ३० दिवसांची सूचना देऊन जनसुनावणी घेते. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतो आणि मसुद्याचा सारांश मराठीत उपलब्ध करणे बंधनकारक आहे. सुनावणीत भूसंपादनाचा मोबदला आणि बंद होणारे रस्ते यांवर बोलणे स्वाभाविकच आहे. ज्याची जमीन जाते त्याचा तो पहिला प्रश्न असतो. पण पाण्याच्या वाटेची हरकतही तिथेच लेखी नोंदवावी, कारण नोंदलेल्या हरकतींना अंतिम अहवालात उत्तर द्यावे लागते.

मंजुरीनंतर अटींच्या पूर्ततेचा अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला सादर करायचा असतो. १ जूनचा अहवाल नेमका पावसाच्या तोंडावर येतो, त्यामुळे निचऱ्याचे चर मोकळे आहेत की नाहीत हे ग्रामस्थांना तो हातात घेऊन प्रत्यक्ष जागेवर ताडून पाहता येते.