आधी इंधन की आधी इंजिन?

मोटारीच्या सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीत, इंजिनापासून थोड्या अंतरावर, एक डबा बसवलेला असतो. आत मधमाशांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी, आणि जाळीच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा अतिशय पातळ थर. इंजिनातला विषारी धूर या भिंतींना घासत पुढे जातो आणि बाहेर पडताना त्यातले बरेचसे घातक वायू निरुपद्रवी झालेले असतात. हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्याचं पथ्य मात्र कडक. इंधनातलं शिसं त्या धातूंना कायमचं निकामी करतं. म्हणून १९९५ मध्ये चार महानगरांत कन्व्हर्टर असलेल्या नव्या गाड्या आणि शिसेविरहित पेट्रोल एकदमच आणावं लागलं. गंधक थोडं सौम्य, पण तेही धातूच्या पृष्ठभागाला चिकटून जागा अडवतं.

आता पेच बघा. गाडी बनवणारा म्हणतो, स्वच्छ इंधन पंपावर येत नाही तोवर हा महागडा डबा बसवून उपयोग काय? तेल कंपनी म्हणते, असं इंधन मागणारी गाडीच रस्त्यावर नसताना रिफायनरीत हजारो कोटी कशाला घालू? दोघांचंही म्हणणं रास्त आहे, आणि दोघांनाही तयारीला काही वर्षं लागतात. एकाने उडी मारली आणि दुसरा थांबला, तर उडी मारणारा बुडणार.

असा गुंता सोडवण्यासाठी ‘तंत्रज्ञानाचा रोडमॅप’ नावाची पद्धत वापरतात. अमेरिकेतल्या मोटोरोला कंपनीने १९७० च्या दशकात ती आपल्या नियोजनात रुजवली. कागदावर आडवी वर्षं मांडायची. वरच्या ओळीत बाजार आणि कायदा काय मागेल ते, खाली कोणतं उत्पादन आणायचं ते, त्याखाली त्यासाठी लागणारं तंत्रज्ञान, आणि तळाशी कारखाने, माणसं, पैसा. खरं महत्त्व या ओळींना जोडणाऱ्या उभ्या रेघांना. वरच्या ओळीतली अमुक तारीख पाळायची, तर तळाच्या ओळीत काम कधी सुरू व्हायला हवं, हे त्या रेघांवरून मागे मागे येत काढायचं. एका कंपनीत हे जमवणं त्या मानाने सोपं. अख्ख्या देशाच्या वाहन आणि तेल उद्योगाला एका कागदावर आणणं अवघड, आणि आपल्याकडे तेही घडलं आहे.

२००१ मध्ये केंद्र सरकारने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली वाहन इंधन धोरणाची समिती नेमली. दिल्लीतल्या बसगाड्या सीएनजीवर नेण्याचं प्रकरण तेव्हा सर्वोच्च न्यायालयात गाजत होतं. समितीचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं सूत्र असं: सरकारने धुराची मर्यादा आणि इंधनाचा दर्जा ठरवावा, ती मर्यादा कोणत्या इंजिनाने, कोणत्या इंधनाने गाठायची हे ठरवू नये. म्हणजे वरची ओळ सरकारची, मधल्या ओळी अभियंत्यांच्या. २००२ च्या अहवालात ‘भारत स्टेज’ (बीएस) या धुराच्या आणि इंधनाच्या मानकांच्या तारखा पुढच्या आठेक वर्षांसाठी मांडल्या होत्या.

या तारखांमागे रिफायनरीत काय चालतं ते पाहण्यासारखं आहे. मुंबईत माहुलकडे गेलात तर जे उंच मनोरे दिसतात, तिथे आणि देशभरातल्या रिफायनऱ्यांमध्ये इंधनातलं गंधक काढायला हायड्रोजन वापरतात. तापवलेलं डिझेल आणि हायड्रोजन मोठ्या दाबाखाली कोबाल्ट-मोलिब्डेनमसारख्या उत्प्रेरकावरून नेतात. हायड्रोजन गंधकाला ओढून घेतो, हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो, आणि पुढे त्यातून पिवळंधमक गंधक वेगळं काढतात. सुरुवातीचं गंधक सहज निघतं. शेवटचं मात्र रेणूंच्या सांदीकोपऱ्यात असं दडलेलं असतं, की त्यासाठी जास्त दाब, जास्त हायड्रोजन आणि बऱ्याचदा नवं संयंत्रच लागतं. २००० साली आपल्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत २,५०० भाग गंधक चालत असे. बीएस-२ मध्ये ते ५०० झालं, बीएस-३ मध्ये ३५०, बीएस-४ मध्ये ५० आणि बीएस-६ मध्ये फक्त १०.

या रोडमॅपमध्ये एक दुखरी जागा राहिली. २०१० मध्ये बीएस-४ इंधन आधी १३ शहरांत आलं आणि उरलेला देश बीएस-३ वर राहिला. शहरात फिरणाऱ्या मोटारीला हे चालून गेलं. पण पुण्याहून निघालेला ट्रक वाटेत कुठल्याही गावच्या पंपावर टाकी भरतो. ३५० भाग गंधकाचं डिझेल पोटात गेल्यावर नाजूक उत्प्रेरकाचं काय होणार? त्यामुळे सर्वांत जास्त धूर सोडणारी अवजड वाहनं २०१७ पर्यंत बहुतांशी जुन्याच मानकावर राहिली. त्या वर्षांचा हिशेब महामार्गांलगत राहणाऱ्या लोकांच्या फुप्फुसांनी चुकवला, असं मला वाटतं.

१ एप्रिल २०१७ ला बीएस-४ देशभर लागू झालं, तेव्हा दुसरीच चूक उघडी पडली. त्या तारखेला जुन्या गाड्यांचं उत्पादन थांबायचं की विक्री? कंपन्यांनी उत्पादन धरलं होतं. २९ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने विक्रीच थांबवली, तेव्हा सुमारे सव्वाआठ लाख बीएस-३ गाड्या पडून होत्या. मग दोन दिवस सवलतींची लयलूट आणि दुकानांपुढे झुंबड. पुढच्या टप्प्याच्या वेळी न्यायालयाने हा मुद्दा ऑक्टोबर २०१८ मध्येच, दीड वर्ष आधी, निकालात काढला.

दरम्यान सरकारने एक धाडस केलं होतं. २०१४ च्या समितीने २०२० ला बीएस-५ आणि २०२४ ला बीएस-६ सुचवलं होतं. जानेवारी २०१६ मध्ये बीएस-५ गाळून थेट २०२० ला बीएस-६ आणायचं ठरलं. युरोपला त्यांच्या तशाच मानकांत युरो-४ पासून युरो-६ पर्यंत जायला नऊ वर्षं लागली होती. आपल्याला देशभरातल्या बीएस-४ नंतर तीनच मिळणार होती. पण या उडीला शास्त्रीय आधार होता. बीएस-५ आणि बीएस-६ दोन्हींना गंधकाची मर्यादा तीच, १० भाग. रिफायनऱ्यांना एकदाच खर्च करायचा होता.

अभियंत्यांवर मात्र दोन ओझी एकदम आली. डिझेलची काजळी अडवणारी गाळणी, आणि युरियाच्या द्रावणातून मिळणाऱ्या अमोनियाने नायट्रोजन ऑक्साइडचं नायट्रोजन आणि पाणी करणारी यंत्रणा. गाळणीत साचलेली काजळी जाळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. युरोपच्या महामार्गावर धूर चांगला तापतो; आपल्या शहरी कोंडीत तासाला वीस किलोमीटरने रखडणाऱ्या गाडीचा तापत नाही. म्हणून त्यांचे आराखडे जसेच्या तसे उचलता येत नव्हते. तरीही डिझेल मोटारीच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर आली, आणि दुचाक्यांतून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. १ एप्रिल २०२० ला देशभरच्या पंपांवर नवं इंधन होतं. रस्ते तेवढे टाळेबंदीमुळे ओस होते.

आता तोच प्रश्न उसापासून बनणाऱ्या, पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलच्या रूपाने परत आला आहे, आणि कोल्हापूर-सोलापूरच्या ऊस पट्ट्यात तो घरचाच आहे. २०२१ मध्ये नीती आयोगाने प्रसिद्ध केलेल्या रोडमॅपने २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणलं. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, ते हवेतलं पाणी शोषतं, आणि काही जुन्या रबरांना सोसत नाही. त्या कागदावर गाड्यांची ओळ होती: एप्रिल २०२३ पासून ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, सोसणारं साहित्य, २०२५ पासून त्यासाठी जुळवलेली इंजिनं. जुन्या गाड्यांसाठी १० टक्के मिश्रणाचं पेट्रोल विकत राहावं, हेही त्यात सुचवलेलं होतं. वरची तारीख आपण गाठली. जुन्या गाडीवाल्यासाठी राखून ठेवायचं ते पेट्रोल मात्र आज बहुतेक पंपांवर मागूनही मिळत नाही.