आरव्हीसाठी प्रोपेन जनरेटर घेण्यापूर्वी

आमच्या दुकानात आलेली मंडळी आधी किंमत विचारतात. आम्ही मात्र दोन गोष्टी विचारून घेतो: वर्षातून गाडी किती वेळा बाहेर निघते, आणि हुकअप (म्हणजे कॅम्पग्राउंडवरची विजेची जोडणी) नसलेल्या जागी एसी चालवायचा आहे का? पुढचं बरंचसं याच उत्तरांवर ठरतं.

न्यू जर्सीतल्या आपल्या लोकांच्या आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाड्या, साधारण मे ते ऑक्टोबर फिरतात, मग सहाएक महिने अंगणात उभ्या असतात. तेवढ्या काळात कार्ब्युरेटरमधलं गॅसोलीन चिकट होतं, बारीक छिद्रं बुजतात आणि वसंतात जनरेटर सुरूच होत नाही. प्रोपेन असं खराब होत नाही. गाडी उभीच जास्त राहत असेल तर आम्ही निःशंकपणे प्रोपेन सुचवतो. तरीही महिन्यातून एकदा थोडा भार देऊन तासभर तरी जनरेटर चालवाच.

आता दुसरी बाजू. एका गॅलन प्रोपेनमधून सुमारे ९१,५०० बीटीयू (उष्णतेचं एकक) उष्णता मिळते, गॅसोलीनमधून १,१२,००० च्या वर. शिवाय प्रोपेनच्या त्याच टाकीवर शेगडी, फ्रीज आणि फर्नेसही (गाडी गरम ठेवणारी भट्टी) चालतात. २० पाउंडांच्या सिलिंडरमध्ये ४.७ गॅलन प्रोपेन मावतो. जनरेटर तासाला अर्धा गॅलन पीत असेल तर जेमतेम साडेनऊ तासांत सिलिंडर रिकामा. ३०,००० बीटीयूचा फर्नेस सलग तासभर पेटला तर आणखी एक तृतीयांश गॅलन जातो. त्यामुळे रात्रभर एसी लावून झोपायचं असेल तर प्रोपेनच्या वाटेला जाऊ नका. मोटरहोम गॅसोलीनवर चालणारी असेल तर तिच्याच टाकीवर चालणारा जनरेटर बरा. इथे आमची विक्री गेली तरी चालेल, पण मुलांना घेऊन निघालेल्या कुटुंबाचा गॅस मध्यरात्री संपू नये.

किती वॅटचा घ्यायचा? १३,५०० बीटीयूचा एसी चालताना दीडेक हजार वॅट घेतो, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या दुप्पट किंवा जास्तही. एसीला सॉफ्ट स्टार्टर (तो हळूहळू सुरू करणारं उपकरण) बसवला की हा झटका बराच कमी होतो, आणि मोठा जनरेटर घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. मायक्रोवेव्हवर १,००० वॅट लिहिलेलं असलं तरी प्लगमधून तो दीड हजारांच्या आसपास ओढतो. सहा क्वार्टचा इन्स्टंट पॉट १,००० वॅटचा. वरणभात शिजत असताना एसी बंद ठेवायची सवय लावलीत तर लहान मशीनवर भागतं. आणि भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर घरीच ठेवा, इथे मिळतात १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ.

ड्युअल फ्युएल, म्हणजे गॅसोलीन आणि प्रोपेन दोन्हींवर चालणाऱ्या, मशीनच्या खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा गॅसोलीनवरचा, तोही सुरुवातीच्या क्षणाचा असतो. प्रोपेनवर सतत मिळणारे वॅट किती, तेवढंच बघा. ते साधारण दहा टक्क्यांनी कमी भरतात. उंचीवर आणखी घट होते, दर हजार फुटांमागे अंदाजे साडेतीन टक्के. यलोस्टोनमध्ये ओल्ड फेथफुलचा परिसर ७,३०० फुटांवर आहे, म्हणजे तिथे ३,६०० वॅटचं मशीन २,७०० च्याही खाली येतं.

आवाजाकडे दुर्लक्ष करू नका. राष्ट्रीय उद्यानांत ५० फुटांवर ६० डेसिबलची मर्यादा आहे, कॅम्पग्राउंडांच्या वेळाही ठरलेल्या असतात आणि काही ठिकाणी जनरेटरला पूर्ण बंदी असते. सुटा जनरेटर घ्यायचा तर कमी आवाजाचा, इन्व्हर्टर प्रकारचाच घ्या.

प्रोपेन 'स्वच्छ' म्हणून त्याच्या धुरापासून धोका नाही, असं समजणारे ग्राहक आम्हाला भेटतात. कृपया हा समज काढून टाका. प्रोपेनच्या धुरातही कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो, आणि झोपेतल्या माणसाला काही कळत नाही. सुटा जनरेटर गाडीपासून किमान २० फूट लांब ठेवा, धुराचं तोंड खिडक्यांच्या उलट दिशेला करा. गाडीत मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, हे प्रत्येक सहलीआधी बटण दाबून पाहा. प्रोपेन स्वतः हवेच्या दीडपट जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून त्याचा अलार्म जमिनीलगत असतो, त्याच्यासमोर बॅगा रचू नका. जोड तपासायचे ते साबणाच्या पाण्याने.

दक्षिणेकडे जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट: बाल्टिमोरच्या दोन्ही बोगद्यांत १० पाउंडांहून मोठे प्रोपेन सिलिंडर नेता येत नाहीत. मार्च २०२४ मध्ये तिथल्या बंदरावरचा 'की ब्रिज' हा पूल कोसळल्यापासून पूर्वेकडून वळसा घालायची सोयही उरलेली नाही. आय-९५ वरून आय-६९५ ला टोसनच्या दिशेने वळा आणि पश्चिमेकडून शहर ओलांडा.

दुकानात येताना एसी, फर्नेस आणि मायक्रोवेव्हच्या पाट्यांचे फोटो आणा, आणि सिलिंडर किती पाउंडांचे आहेत ते पाहून या. कागदावर हिशेब तुमच्यासमोरच मांडू.