गिटारचा टोन मिक्समध्ये बसवणे

बँडच्या मिक्समध्ये, म्हणजे सगळ्यांच्या एकत्रित आवाजात, ड्रम, बेस, कीबोर्ड आणि गायनासोबत वाजताना इलेक्ट्रिक गिटार स्वच्छ ऐकू यावी आणि तिने इतरांना झाकू नये, या बेताने गिटार, पेडल (आवाज बदलणारी, पायाने चालवायची पेटी), अँप (अँप्लिफायर) आणि माइक जुळवून घेण्याची पद्धत. घरी एकट्याने वाजवताना भरदार वाटणारा टोन, म्हणजे आवाजाचा पोत, बँडमध्ये शिरताच हरवतो. उलट बँडमध्ये खणखणीत लागणारा टोन एकटा ऐकला तर बऱ्याचदा किरटा, नाकातला वाटतो. टोन बसवण्याची बहुतेक सगळी खटपट या एका विसंगतीपायी असते.

इलेक्ट्रिक गिटार जन्मालाच आली ती बँडमध्ये ऐकू येण्यासाठी. 1930 च्या दशकातील अमेरिकी डान्स बँडांत ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गदारोळात साधी गिटार फक्त तालापुरती उरली होती. गिब्सन कंपनीने 1936 मध्ये ईएस-150 ही पिकअप (तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणारा भाग) बसवलेली गिटार बाजारात आणली. 1939 मध्ये गिटारवादक चार्ली ख्रिश्चन जॅझ बँडप्रमुख बेनी गुडमनच्या ताफ्यात दाखल झाला आणि त्या गिटारवर फुंकवाद्यांच्या तोडीस तोड एकेरी सुरांचे सोलो वाजवू लागला. पुढच्या तीसेक वर्षांत अँप शंभर वॅटपर्यंत पोहोचले आणि गाऱ्हाणे उलटले: गिटार ऐकू येत नाही असे म्हणणाऱ्यांच्या जागी गिटारमुळे दुसरे काही ऐकू येत नाही असे म्हणणारे आले.

नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये गिटारची सर्वांत जाड तार सुमारे 82 हर्ट्झवर आणि सर्वांत बारीक मोकळी तार सुमारे 330 हर्ट्झवर बोलते. बेस गिटारची जाड तार याच्या एक सप्तक खाली, 41 हर्ट्झच्या आसपास असते. गिटार अँपमधला 12 इंची स्पीकर साधारण 5,000 हर्ट्झच्या पुढे झपाट्याने मान टाकतो. म्हणजे मुळात हे मधल्या पट्ट्यातले वाद्य आहे. 100 हर्ट्झच्या खालची जागा बेस आणि किक ड्रमची (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमची), 5,000 च्या वरची झांजांची. 200 ते 400 हर्ट्झमध्ये गिटारचा भरदारपणा असतो, पण तिथेच बेसचे वरचे हार्मोनिक्स (मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर), कीबोर्डचा डावा हात आणि पुरुष गायकाचा आवाजही असतो; सगळा गढूळपणा याच पट्ट्यात साचतो. एका पट्ट्यात दोन आवाज आले की जोरकस आवाज दुसऱ्याला झाकतो, आणि झाकला गेलेला वादक सवयीने व्हॉल्यूम वाढवतो. मग दुसराही वाढवतो. गिटारचा हक्काचा मुलूख साधारण 500 ते 2,000 हर्ट्झ. त्याच्या वर, 2,000 ते 4,000 च्या दरम्यान, गायकाची व्यंजने असतात. तिथे गिटारने दाटी केली तर गाण्याचे शब्द कळत नाहीत.

घरातला टोन फसवा का असतो याचे उत्तर कानात आहे. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी 1933 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार आवाज हळू असताना कानाला खर्ज आणि टीप दोन्ही कमी ऐकू येतात. त्यामुळे खोलीत वाजवताना हात आपोआप बेस (खर्ज) आणि ट्रेबल (टीप) यांच्या नॉबकडे जातो आणि मिड (मधला पट्टा) खाली येतो. तीच सेटिंग स्टेजवर मोठ्या आवाजात लावली की खर्ज घुमू लागतो, टीप कानाला टोचते आणि मधला, ऐकू येण्याचा पट्टा रिकामाच राहतो. म्हणून टोन लावायचा तो प्रत्यक्ष वाजवायच्या आवाजात, आणि शक्यतो बेस-ड्रम चालू असताना.

नॉबवरचे आकडेही फसवे असतात. जुन्या घडणीच्या अँपमधले टोन सर्किट पॅसिव्ह असते, ते फक्त कापू शकते. सगळे नॉब 5 वर ठेवले म्हणजे सपाट, कोणताही पट्टा न वाढवलेला-कापलेला टोन मिळाला, ही समजूत त्यामुळे चुकीची ठरते. फेंडर कंपनीच्या अँपच्या रचनेत तेव्हाही मिडमध्ये चांगला खड्डा असतो. सपाटीच्या जवळ जायचे तर बेस आणि ट्रेबल जवळजवळ शून्यावर आणून मिड पूर्ण उघडावा लागतो. फेंडरच्याच डिलक्स रिव्हर्बसारख्या अँपवर तर मिडचा नॉबच नाही. ट्यूब स्क्रीमर या पेडलची लोकप्रियता यातूनच समजते. ते खर्ज कापते आणि 700 हर्ट्झच्या आसपासचा भाग वर काढते, म्हणजे फेंडरचा खड्डा बराचसा भरते. अँपच आधीपासून मिडने भरलेला असेल तर तेच पेडल नकोसे होते, हे मात्र विकत घेताना कोणी सांगत नाही.

डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत करणे, हा सर्वांत मोठा मोह. गेन (अँप किंवा पेडलमध्ये संकेत किती फुगवायचा ते प्रमाण) वाढला की हळू-जोर यांतला फरक दाबला जातो, पिकचा (तार छेडायच्या पट्टीचा) पहिला ठोका बोथट होतो आणि कॉर्डमधले, म्हणजे एकत्र वाजवलेले सूर एकमेकांत मिसळतात. एसी/डीसी या रॉक बँडचा माल्कम यंग रिदम (साथीच्या) गिटारवर जेमतेम खरखर येईल इतकाच गेन ठेवी. तारांवरचा हात मात्र जोरकस, त्यामुळे भिंतीसारखा आवाज येई. रेकॉर्डवरचा दणकट आवाज पुष्कळदा एकच भाग दोन-चार वेळा वाजवून एकावर एक रचलेला असतो; तो एका गिटारवर गेन चढवून मिळत नाही.

मिड कापलेला टोन म्हटले की मेटालिका या बँडचा 1988 चा ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ हा अल्बम आठवतो. त्यात जेसन न्यूस्टेडचा बेस जवळपास ऐकूच येत नाही. मिक्समध्येच तो खाली ठेवला होता, आणि त्या मोकळ्या जागेत गिटारचा खर्ज पसरला. नंतर ज्या असंख्य पोरांनी तो टोन उचलला, त्यांच्या बँडमध्ये मात्र बेस वाजवणारा समोर उभा होता.

दोन गिटार असतील तर दोघांचा टोन वेगळा हवा: एकाचा ब्रिज (घोडीजवळचा) पिकअप तर दुसऱ्याचा नेक (मानेजवळचा), एकाचे मोकळे कॉर्ड तर दुसऱ्याचे वरच्या फ्रेटवरचे तीन सुरांचे. कीबोर्डवाल्याने डावा हात आवरला तर इक्वलायझरला (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या नॉबना) हात लावण्याची गरजच अनेकदा पडत नाही. टोनची निम्मी भांडणे खरे तर कोणी कुठे काय वाजवायचे या रचनेची असतात.

मल्टि-इफेक्ट प्रोसेसरची (अनेक पेडलांचे काम करणाऱ्या एका यंत्राची) लाइन थेट मिक्सरला देण्याची पद्धत मराठी-हिंदी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रांत सर्रास आहे. अशा वेळी कॅबिनेट सिम्युलेशन (गिटार अँपच्या स्पीकरची नक्कल) बंद राहिले तर 5,000 हर्ट्झच्या वरचा, एरवी स्पीकरने गिळला असता तो सगळा चिरचिराट लोकांपर्यंत जातो. मुंबई-कोकणातल्या बेंजो पार्टीत विजेवर चालणारा बुलबुल तरंग भोंग्यातून वाजतो. भोंग्यात ना खर्ज ना फारशी टीप, आणि नेमक्या त्यामुळेच मिरवणुकीत ताशांच्या कडकडाटातही त्याची चाल लांबून ओळखू येते.

माइक लावताना एसएम57 हा 1965 पासूनचा माइक आजही बहुतेक ठिकाणी दिसतो. स्पीकरच्या मध्यभागी रोखला की आवाज धारदार, कडेला सरकवला की मऊ; जाळीला चिकटवला की खर्ज फुगतो. एखादा इंच सरकवल्याने जो फरक पडतो तो नॉबने सहसा साधत नाही. गिटारचा स्पीकर वरच्या फ्रीक्वेन्सी सरळ रेषेत फेकतो. अँप जमिनीवर असेल तर ती धार वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांना लागते. तो ट्रेबल वाढवतो आणि पुढच्या रांगेतले कान भोगतात. अँप खुर्चीवर ठेवणे किंवा मागे कलता करणे एवढ्याने काम भागते. मिक्सरवर 80 ते 120 हर्ट्झच्या खालचा भाग कापणे ही साउंडवाल्यांची नित्याची रीत आहे. एकट्या गिटारला त्याने जरा पोकळपणा येतो, पण बेस सुरू झाला की कोणाच्या लक्षातही येत नाही.

सोलोसाठी बूस्ट पेडल कुठे जोडले आहे याला महत्त्व असते. डिस्टॉर्शनच्या आधी जोडले तर गेन वाढतो, आवाजाची पातळी फारशी वाढत नाही. नंतर जोडले तरच सोलो पुढे येतो. त्यासाठी साउंड चेकच्या (कार्यक्रमाआधी आवाज तपासण्याच्या) वेळी रिदमचा आवाज थोडा खाली ठेवून जागा राखावी लागते.