आयर्नब्रिजचा लोखंडी पूल: थोडी पार्श्वभूमी

इंग्लंडच्या श्रॉपशरमध्ये सेव्हर्न नदीच्या एका अरुंद घळीत आयर्नब्रिज नावाचं छोटंसं गाव आहे, आणि हो, गाव पुलामुळे वसलं, नावही पुलाचंच. जगातला पहिला मोठा लोखंडी पूल म्हणून त्याचे फोटो सगळीकडे फिरतात, पण त्याच्या मागची गोष्ट कुणी फारशी सांगत नाही.

सुरुवात पुलाच्या ७० वर्षं आधीची आहे. तेव्हा लोखंड वितळवायला लाकडी कोळसा लागायचा, तो महाग आणि त्याचा पुरवठा मर्यादित. १७०९ मध्ये जवळच्याच कोलब्रुकडेलला अब्राहम डार्बी नावाच्या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) कारखानदाराने दगडी कोळशापासून बनवलेला कोक वापरून भट्टी चालवून दाखवली. कोळसा तिथल्या जमिनीतच होता, त्यामुळे बीड म्हणजे ओतीव लोखंड भरपूर मिळायला लागलं, भांडीकुंडी, मग वाफेच्या इंजिनांचे सिलिंडर असं सगळं तिथे ओतलं जाऊ लागलं.

धंदा वाढला, कारखाने नदीच्या दोन्ही काठांवर, आणि पलीकडे जायला तिथे फक्त होड्या. बरं, सेव्हर्नवर तेव्हा मालवाहू होड्यांची प्रचंड वर्दळ, शिडाच्या होड्या खालून जायला हव्यात म्हणजे पूल उंच हवा, आणि मधे खांबही नको. १७७३ मध्ये श्रूझबरीचा आर्किटेक्ट थॉमस फार्नोल्स प्रिचर्ड याने लोखंडसम्राट जॉन विल्किन्सनला पत्र लिहून लोखंडाच्या पुलाची कल्पना मांडली. १७७६ मध्ये पार्लमेंटने कायदा मंजूर केला, पण लगेच पुलात पैसे घालणाऱ्या भागीदारांचे पाय लटपटले आणि त्यांनी दगड, वीट किंवा लाकडाच्या पुलासाठी जाहिरात दिली! धड प्रस्ताव आला नाही म्हणून गाडी परत लोखंडावर आली. प्रिचर्ड बिचारा डिसेंबर १७७७ मध्ये वारला, पूल उभा राहिलेला त्याने पाहिलाच नाही.

काम अंगावर घेतलं पहिल्या डार्बीच्या नातवाने, त्याचंही नाव अब्राहम डार्बी, तेव्हा वय तिशीच्या आत. १७७९ च्या उन्हाळ्यात कमान उभी राहिली, गाळा म्हणजे कमानीच्या दोन टोकांमधलं अंतर साधारण ३०.६ मीटर, लोखंड ३८० टनांच्या आसपास, सुटे भाग जवळपास १,७०० आणि १ जानेवारी १७८१ ला पूल वाहतुकीला खुला.

मला सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे हे भाग जोडले कसे. लोखंडाचा एवढा मोठा पूल कसा बांधायचा याचा कुणालाच अनुभव नव्हता, म्हणून त्यांनी सरळ सुतारकामाचे सांधे उचलले, एका भागात खाच, दुसरा त्यात अडकवायचा आणि पाचर ठोकायची, जसं लाकडी चौकटीला करतात तसंच. आणि किती जाडीचं लोखंड पुरेल याचा हिशोब मांडायची सोय नसल्यामुळे गरजेपेक्षा कितीतरी जास्त घातलं. १७९६ मध्ये थॉमस टेलफर्ड नावाच्या इंजिनिअरने तिथून जवळच बिल्डवासला पूल बांधला, तो जास्त लांब, तरी लोखंड निम्म्याहून कमी, यावरून अंदाज येईल.

या सगळ्याची किंमत मोजली डार्बीने. अंदाज साधारण ३,२०० पौंडांचा होता, खर्च ६,००० च्या घरात गेला असं मानतात, वरचा बोजा त्याच्यावर, आणि १७८९ मध्ये तो ३९ व्या वर्षी वारला तेव्हाही कर्ज डोक्यावर होतंच. पण माणूस मार्केटिंगमध्ये पक्का होता. त्याने चित्रकारांकडून पुलाची चित्रं काढून घेतली, लांबलांबून लोक बघायला यायला लागले. टोलनाक्यावरचं दरपत्रक तर वाचण्यासारखं आहे, सैनिक ड्युटीवर असो वा नसो टोल भरायचा आणि राजघराण्यालाही सूट नाही!

खरी जाहिरात मात्र १७९५ च्या महापुराने केली. सेव्हर्नवरच्या अनेक पुलांची वाट लागली, या पुलाला काही झालं नाही, कारण मोकळ्या लोखंडी सांगाड्यातून पाणी सरळ निघून गेलं. त्यानंतर लोखंडी पुलांवर लोकांचा विश्वास बसायला लागला.

पुलाचा खरा शत्रू पाणी नव्हे, जमीन. घळीचे दोन्ही काठ हळूहळू नदीकडे सरकतात आणि कमान दोन्ही बाजूंनी दाबली जाते, बांधून काही वर्षं झाली नाहीत तोच दगडी आधारांना तडे दिसायला लागले होते. दक्षिण काठावरचं जड दगडी बांधकाम काढून तिथे लाकडी कमानी टाकल्या, मग १८२० च्या दशकात त्या बदलून लोखंडी. ओतीव लोखंड ताणाला कच्चं पण दाबाला दणकट, त्यात ते भरमसाट घातलेलं, माझ्या मते म्हणूनच हा इतका टिकला, म्हणजे ज्या उधळपट्टीने डार्बी बुडाला तिनेच पूल वाचवला. १९३४ मध्ये गाड्या बंद केल्या, पायी जाणाऱ्यांकडून टोल मात्र १९५० पर्यंत घेत होते. १९७० च्या दशकात नदीच्या तळाशी काँक्रीटची उलटी कमान घालून दोन्ही काठ एकमेकांपासून दूर रोखून धरले, आणि १९८६ मध्ये ही सगळी घळ जागतिक वारसा यादीत गेली.

२०१७-१८ मध्ये मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा जुन्या रंगाचे थर तपासून पुलाला मूळचा तांबूस-तपकिरी रंग परत दिला. त्यामुळे जुन्या फोटोंत तो करडा दिसला आणि नव्यांत लालसर, तर पूल तोच आहे, गोंधळू नका.