भोक, पाणी आणि शाई: टिकाऊ टॅगमागचा थरांचा इतिहास

खरीप तोंडावर आला की कृषी खात्याचं एक आवाहन दरवर्षी निघतं. बियाण्याची पावती, रिकामी पिशवी, तिच्यावरचा टॅग आणि थोडं बी पीक हाती येईपर्यंत जपून ठेवा. सोयाबीन उगवलंच नाही तर तक्रारीला आधार तेवढाच. म्हणजे वीतभरही नसलेल्या त्या चिठ्ठीने गोदामातली दमट हवा सोसायची, हमालांची ओढाताण सोसायची, घरातल्या फळीवर चार महिने पडून राहायचं आणि तरी लॉट नंबर वाचता आला पाहिजे. मालाची ओळख माल संपेपर्यंत टिकावी, या अपेक्षेपायीच टॅगचा कागद हळूहळू थराथरांचा होत गेला. या इतिहासात नजरेत भरते ती एकच गोष्ट: एक दुबळी जागा बुजवली की लगेच दुसरी उघडी पडते.

पहिली दुबळी जागा भोकाची. कागदी टॅग मधोमध क्वचितच फाटतो, तो दोरी ओवलेल्या जागीच फाटतो. अमेरिकेत दागिन्यांचे खोके बनवणाऱ्या डेनिसन कुटुंबातल्या एलिफलेट डेनिसन यांनी यावर अगदी साधा उपाय काढला. भोकाच्या दोन्ही बाजूंना कागदाची गोल चकती चिकटवायची. १८६३ मध्ये त्यांना त्याचं पेटंट मिळालं, आणि खोक्यांचा धंदा मागे पडून टॅगचा धंदा वाढला. आजही कुरिअरच्या पिवळट टॅगवर भोकाभोवती लालसर किंवा तपकिरी चकती दिसते, ती हीच. सगळा कागद जाड करण्यापेक्षा जिथे ताण येतो तिथेच एक थर वाढवायचा, हा विचार मला पुढच्या सगळ्या लॅमिनेशनचं, म्हणजे थरावर थर चिकटवण्याचं, मूळ वाटतो.

त्या टॅगचा पिवळट रंगही उगाच आलेला नाही. फिलिपिन्समधल्या अबाका या केळीच्या भाईबंद झाडाच्या धाग्याचे दोर जहाजांवर वापरत. या धाग्याला मनिला हेम्प म्हणत. जुने झालेले दोर कुटून कागद करायची पद्धत १८४० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये रुळली. लांब, चिवट धाग्यांमुळे हा कागद ओढला तरी लवकर तुटत नसे. पुढे दोर संपले, लाकडाचा लगदा आला, आणि मनिला म्हणजे फक्त तो रंग एवढंच उरलं. बळकटी गेली ती गेलीच. त्या जागी कागदामागे कापड चिकटवायची रीत आली. आपल्याकडे सरकारी कचेऱ्यांत आणि परीक्षा मंडळांत कापडी अस्तराची पाकिटं वर्षानुवर्षं वापरात आहेत, तो या घराण्याचाच नमुना. कागदावर लिहायचं आणि कापडाने ताण घ्यायचा, अशी कामाची वाटणी.

कापडावरची खूण टिकवायची तर आपल्याकडे वेगळाच रस्ता होता. परीट बिब्ब्याच्या तेलाने कपड्याच्या कोपऱ्यावर खूण करत. भट्टीतून निघाली, दगडावर आपटली तरी ती खूण जात नसे. टॅगच नको, वस्तूवरच लिहा, हा विचार अजून जिवंत आहे, फक्त आता बिब्ब्याच्या जागी लेझर आला.

कारखान्यात मात्र दोरीचा टॅगही चालेना आणि कापडही. तिथे तेल, उष्णता, घासाघीस. फिनॉलच्या रेझिनमध्ये, म्हणजे राळेसारख्या कृत्रिम पदार्थात, भिजवलेले कागद एकावर एक रचून दाबायचे, की दगडासारखा तक्ता तयार होतो, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच कळलं होतं. वेस्टिंगहाऊस या अमेरिकेतल्या विजेच्या यंत्रांच्या कंपनीतल्या डॅनियल ओकॉनर आणि हर्बर्ट फेबर यांनी विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजी वापरायला असाच तक्ता केला आणि १९१३ मध्ये फॉर्मायका कंपनी काढली. सनमायकाच्या कपाटांमुळे आपण लॅमिनेट म्हटलं की फर्निचर डोळ्यांपुढे आणतो, पण त्याची सुरुवात विजेच्या सामानात झाली. पुढे १९२७ च्या सुमारास मँचेस्टरजवळच्या ट्रॅफर्ड पार्कमध्ये मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स कंपनीने दोन-तीन रंगांचे थर असलेला तक्ता आणला: ट्रॅफोलाइट. वरचा काळा थर कोरला की खालचा पांढरा दिसतो. शाईच नाही, तर पुसणार काय? विजेच्या पॅनलवर स्विचखाली दिसणाऱ्या कोरीव पट्ट्यांना आपल्याकडचे पॅनल बनवणारे अजूनही ट्रॅफोलाइटच म्हणतात, मग माल कोणत्याही प्लॅस्टिकचा असो. टिकाऊपणात याला तोड नाही. पण प्रत्येक पट्टी वेगळी कोरावी लागते आणि ती पोत्याला शिवता येत नाही.

खरा पालट झाला तो पातळ प्लॅस्टिक फिल्ममुळे. इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत १९३३ मध्ये उच्च दाबाच्या प्रयोगात अपघातानेच पॉलिएथिलीन हाती लागलं. १९४१ मध्ये मँचेस्टरच्याच एका कंपनीत काम करणाऱ्या जॉन व्हिनफील्ड आणि जेम्स डिक्सन यांनी पॉलिएस्टर बनवलं. अमेरिकेतल्या ड्यूपाँ या रसायन कंपनीने त्याची फिल्म काढून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मायलर नावाने बाजारात आणली. ही फिल्म गरम असताना लांबीत आणि रुंदीत अशी दोन्हीकडे ताणतात, त्यामुळे तिचे रेणू दोन्ही दिशांना ओळीने लागतात आणि केसाएवढी पातळ असूनही ती हाताने तुटत नाही. महाराष्ट्राचा संबंध इथे येतो. भालचंद्र उर्फ आबासाहेब गरवारे यांच्या उद्योगसमूहाने औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, पॉलिएस्टर फिल्म बनवायला सुरुवात केली, आणि या मालाच्या भारतातल्या सुरुवातीच्या उत्पादकांत त्यांचं नाव येतं.

पॉलिएस्टरला एक खोड आहे. कड शाबूत असेपर्यंत ते पोलादासारखं, पण कडेला एक नख लागलं की चर्रकन फाटत जातं. आणि टॅगला भोक तर पाडावंच लागतं! डेनिसन यांचा प्रश्न शंभर वर्षांनी पुन्हा दारात.

त्यावर दोन उत्तरं निघाली. पहिलं टायव्हेक. १९५५ मध्ये ड्यूपाँच्या प्रयोगशाळेत जिम व्हाइट यांना एका नळीतून पॉलिएथिलीनचा पांढरा भुसभुशीत कापूस बाहेर येताना दिसला. त्याचे अतिसूक्ष्म धागे उष्णतेने दाबून कागदासारखं कापड तयार झालं आणि १९६७ मध्ये ते व्यापारी उत्पादनात आलं. यात धागे सगळ्या दिशांनी गुंतलेले असतात, त्यामुळे चीर पुढे सरकायला वाटच नसते.

दुसरं उत्तर मला जास्त हुशारीचं वाटतं. पॉलिएथिलीनची फिल्म एकाच दिशेला ताणली तर त्या दिशेला ती प्रचंड मजबूत होते आणि आडवी मात्र बांबूसारखी चिरते. मग अशा दोन फिल्म तिरक्या धरून एकमेकींवर चिकटवायच्या. एकीची चीर सुरू झाली की दुसरी तिला आडवी येते आणि चीर भलतीकडे वळून तिथेच थांबते. हे क्रॉस-लॅमिनेशन. डेन्मार्कचे ओले-बेंट रासमुसेन यांनी आयुष्यभर या तंत्रावर काम केलं. पाश्चात्त्य बाजारात व्हॅलेरॉन नावाची अशी फिल्म लाकडाच्या ओंडक्यांना, यंत्रांना, रोपवाटिकेतल्या झाडांना लावायच्या टॅगसाठी वापरतात. आपल्याला हे तंत्र अनोळखी वाटेल, पण ते आपल्या डोक्यावर आहे. पावसाळ्यात कौलांवर, कांद्याच्या ढिगावर, मळणीच्या गंजीवर अंथरलेलं सुप्रीम इंडस्ट्रीजचं सिलपॉलिन क्रॉस-लॅमिनेटेडच असतं. त्याला खिळा लागून भोक पडतं, पण तिथून ते फाटत जात नाही, हा अनुभव गावोगावी आहे.

आता फाटण्याचा प्रश्न मिटला, तर शाईचा उभा राहिला. पॉलिएथिलीनवर काहीच नीट चिकटत नाही. त्याचा पृष्ठभाग शाईला थेंबाथेंबाने गोळा होऊ देतो. यावरही उपाय डेन्मार्कमधूनच आला. व्हर्नर आयसबी यांनी १९५१ मध्ये फिल्मवरून विजेचा विसर्ग सोडायची पद्धत काढली. त्याने वरचा रेणूंचा थर बदलतो आणि शाई पसरते. छपाईवाले याला कोरोना ट्रीटमेंट म्हणतात. २०२० नंतर कारखान्यात नवीन आलेल्या माणसाला हा शब्द ऐकून दचकायला होतं ते वेगळं. या ट्रीटमेंटचा असर काळानुसार उतरतो. म्हणून सहा महिने पडून राहिलेल्या रोलवरची छपाई नखाने निघते, आणि खापर फुटतं शाईवर.

जपानने पृष्ठभागाचा प्रश्न मुळातून सोडवायचा प्रयत्न केला. तिथे लाकडाच्या टंचाईची धास्ती होती. १९६९ मध्ये ओजी पेपर आणि मित्सुबिशी पेट्रोकेमिकल यांनी मिळून काढलेल्या कंपनीने युपो हा कृत्रिम कागद आणला. पॉलिप्रॉपिलीनमध्ये खनिज भुकटी मिसळून ताणलं की कणांभोवती सूक्ष्म पोकळ्या होतात, त्यामुळे तो पांढरा दिसतो आणि शाई धरतो. त्याचे थर तीन: मधला बळकटीसाठी, बाहेरचे दोन छपाईसाठी. अमेरिकेतल्या पीपीजी कंपनीचं टेस्लिन यापुढे गेलं. सिलिकाने भरलेली ही सच्छिद्र फिल्म वरून लावलेल्या लॅमिनेटला छिद्रांत शिरू देते, त्यामुळे थर सोलून काढायला गेलं तर आतला कागदच फाटतो. बनावट ओळखपत्रं रोखायला हे फार कामाला आलं.

तरीही या मालाला मोठी मागणी आली ती बारकोडमुळे. २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटमध्ये च्युइंगमचं पाकीट पहिल्यांदा स्कॅन झालं. अक्षर थोडं पुसट झालं तर माणूस अंदाजाने वाचतो. यंत्र वाचत नाही. शिवाय प्रत्येक टॅगवरचा मजकूर वेगळा, म्हणजे प्रेसमध्ये एकदा प्लेट करून भागणार नाही. १९८० च्या दशकात थर्मल ट्रान्सफर प्रिंटर आले. त्यात तापलेलं हेड रिबनवरची शाई फिल्मवर उतरवतं. वॅक्स रिबन कागदासाठी, रेझिन रिबन फिल्मसाठी. बाजारात ‘वॉटरप्रूफ टॅग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाची अर्धी फसगत इथेच आहे. टॅग पाण्याला दाद देत नाही हे खरं, पण स्वस्तातली वॅक्स रिबन वापरली तर आकडे बोटाने पुसले जातात. लेझर प्रिंटरचं आणखी वेगळं. त्याचा फ्यूजर, म्हणजे शाईची भुकटी वितळवून बसवणारा भाग, २०० अंशांच्या आसपास तापतो, आणि टायव्हेक १३५ अंशांना वितळतं. तिथे पॉलिएस्टरच लागतं.

विमानाच्या बॅगेला गुंडाळतात तो टॅग तर हातात घेऊन बघण्यासारखा आहे. वर उष्णतेने काळा होणारा कागद, मध्ये प्लॅस्टिकची फिल्म, खाली गोंद, त्याखाली सिलिकॉनचा सोलायचा कागद. कन्व्हेयरवर खेचला तरी तुटू नये आणि घरी कात्रीने मात्र सहज कापता यावा, हे सगळं त्या पट्टीत बसवलंय. आता या थरांत आरएफआयडीची, म्हणजे रेडिओलहरींनी दुरून वाचता येणाऱ्या चिपची, अँटेनाही घालतात.

बियाण्याचा टॅग या सगळ्यांपेक्षा जुन्या वळणाचा राहिला. १९६६ च्या बियाणे कायद्यामागून आलेल्या व्यवस्थेत रंगच ओळख: पैदासकार बियाण्याला पिवळा, पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा, सत्यप्रतला, म्हणजे उत्पादकाच्याच हमीवर विकल्या जाणाऱ्या बियाण्याला, हिरवा. अकोल्याच्या महाबीजची पिशवी घेताना शेतकरी आधी रंग बघतो, मग वाण. २०२३ मध्ये केंद्राने बियाण्याचा माग ठेवणारं साथी पोर्टल सुरू केलं आणि टॅगवर क्यूआर कोड आले. रंगाला थोडा ओलावा चालायचा, क्यूआरला चालत नाही.

आणि आता उरलेली दुबळी जागा: हा टॅग संपत नाही. कागद, पॉलिएस्टर, पॉलिएथिलीन, गोंद असे परक्या जातींचे थर घट्ट बसले की ते वेगळे करणं परवडत नाही, भंगारवालाही घेत नाही. २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा नियमांनी बहुस्तरीय वेष्टनाची जबाबदारी उत्पादकावर टाकली, महाराष्ट्राने २०१८ मध्ये स्वतःची बंदी आणली, आणि वेष्टनवाले सगळे थर एकाच जातीच्या प्लॅस्टिकचे करायच्या मागे लागले. त्या कसोटीला क्रॉस-लॅमिनेटेड फिल्म आधीपासूनच उतरते, कारण तिच्यात दोन्हीकडे पॉलिएथिलीनच आहे, बदलते ती फक्त ताणाची दिशा. मात्र ती उष्णतेला कच्ची, म्हणून लेझर प्रिंटर बाद, आणि भिस्त चांगल्या रेझिन रिबनवर. ती रिबन वॅक्सपेक्षा महाग असते आणि टॅगच्या कोटेशनमध्ये बहुतेक वेळा धरलेलीच नसते.