खात्यातले पैसे जाणं आणि नावावर कर्ज निघणं, दोन्ही वेगळं आहे

खात्यातून पैसे उडाले तरी लोक म्हणतात सायबर फ्रॉड झाला, आणि आपल्या पॅनवर भलत्याच कुणी कर्ज काढलं तरी म्हणतात सायबर फ्रॉड झाला. बोलायला ठीक आहे, पण यात नुकसान असं होतं की एका चोरीवरचा उपाय लोक दुसरीवर करत बसतात, कार्ड ब्लॉक करतात, यूपीआय पिन बदलतात, आता सगळं सेफ झालं म्हणून निवांत होतात आणि तिकडे नावावर हप्ते थकत जातात.

पहिल्या प्रकारात चोर तुमच्याकडेच येतो. केवायसी संपलीय, वीज कापणार, पार्सल अडकलंय असं काहीतरी सांगून ओटीपी काढून घेतो नाहीतर स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला लावतो, आणि पैसे गेल्याचा मेसेज बहुतेक वेळा लगेच तुमच्याच मोबाइलवर येतो. दुसऱ्या प्रकारात तो तुमच्या वाटेलाच जात नाही, तो तुमचं नाव घेऊन तिसऱ्याकडे जातो. गल्लीतल्या वाण्याला तुमचं नाव सांगून कुणी महिनाभर उधारीवर सामान नेलं तर तुमच्या खिशातून त्या दिवशी रुपयाही जात नाही, पण वही तुमच्या नावावर भरत राहते, तसंच हे. फरक इतकाच की इथे वाणी म्हणजे कर्ज देणारं ॲप, आणि त्याला दाखवलेला पॅन नंबर, जन्मतारीख, पत्ता तुमचा असतो पण मोबाइल नंबर चोराचा, त्यामुळे सगळे मेसेज त्यालाच जातात आणि तुम्हाला कळतं ते थेट वसुलीवाल्याचा फोन आल्यावर किंवा स्वतःला होमलोन हवं असताना बँकेने नाही म्हटल्यावर.

म्हणूनच ते "माझ्या खात्यात आहेच काय, माझं कोण काय चोरणार" हे वाक्य मला फार धोक्याचं वाटतं. पहिल्या चोरीपुरतं ते थोडंफार खरं आहे, दुसरीला मात्र शिल्लक लागतच नाही, तिला लागतं स्वच्छ नाव. रिटायर झालेले शिक्षक, कधी कर्ज न घेतलेली गृहिणी, नुकतंच पॅन काढलेला कॉलेजचा मुलगा ही माणसं तिला उलट सोयीची, कारण त्यांच्यापैकी कुणी आपला क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे नावावरच्या कर्जांची नोंद, बहुतेक कधी उघडून बघितलेला नसतो. आणि नावाजलेल्या लोकांचंही होतं बरं का, फेब्रुवारी २०२२ मध्ये अभिनेत्री सनी लिओनीने ट्विट केलं होतं की तिचं पॅन वापरून कुणीतरी २,००० रुपयांचं कर्ज घेतलंय, त्याच सुमारास बऱ्याच साध्या लोकांनीही त्यांच्या रिपोर्टमध्ये न घेतलेली कर्जं दिसतायत असं लिहिलं होतं.

पैसे गेले तर सगळा खेळ वेळेचा. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, बँकेला फोन, आणि तक्रार नंबर लिहून ठेवणं, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळायच्या आत अडवता आला तरच मिळायची आशा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं आहे की चूक ना तुमची ना बँकेची, मधल्याच कुणाची असेल आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर भार शून्य, ४ ते ७ दिवसांत कळवलंत तर ठराविक मर्यादेपर्यंत. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतरचं बँकेचं, म्हणून लाज वाटली तरी फोन करायला एक तासही थांबू नका.

नाव चोरीला गेलं असेल तर तुमच्या खात्यातून काही गेलेलंच नसतं, मग अडवणार काय? इथे कागदांची लढाई असते आणि ती रिपोर्टपासून सुरू होते. भारतात चार क्रेडिट ब्युरो, म्हणजे लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, आणि चौघांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. लोक रिपोर्ट उघडून स्कोअर बघतात आणि बंद करतात, पण स्कोअर राहू दे, आधी वर जिथे तुमचे पत्ते आणि फोन नंबर लिहिलेत तिथे बघा. तुम्ही नाशिकला राहता आणि यादीत कधी न ऐकलेल्या गावाचा पत्ता आहे, नाहीतर एक मोबाइल नंबर आहे जो घरात कुणाचाच नाही, तर तो कुठल्यातरी कर्जाच्या अर्जातून तिथे आला असणार. मग खाली एन्क्वायरी नावाचा भाग, तिथे कुणी, कोणत्या तारखेला, किती रकमेच्या कर्जासाठी तुमचा रिपोर्ट मागवला ते असतं, आणि नवं कर्ज खात्यांच्या यादीत चढायच्या आधीच बऱ्याचदा इथे त्याची चाहूल लागते.

खोटं कर्ज दिसलं की ब्युरोकडे डिस्प्युट, म्हणजे ही नोंद चुकीची आहे अशी तक्रार, टाकायचा, पण ब्युरो स्वतःहून नोंद पुसत नाही, तो कर्ज देणाऱ्याला विचारतो, म्हणून त्या कंपनीलाही वेगळा ईमेल करा आणि अर्जाची कॉपी, केवायसीचे कागद आणि पैसे कुठल्या खात्यात गेले हे मागा. त्या खात्याचं नाव हाच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, ईमेलमध्ये त्याचा उल्लेख जरूर करा. पोलिसांकडे जाताना आयटी कायद्याचं कलम ६६ सी लक्षात असू द्या, ते खास ओळख चोरीचं आहे, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड.

कर्जाशिवाय सिमकार्डपण काढतात. संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं, अनोळखी नंबर तिथूनच कळवता येतो. आणि इन्कम टॅक्सच्या साइटवर एआयएस, म्हणजे तुमच्या पॅनवरच्या व्यवहारांचा वर्षाचा तक्ता, उघडून बघा, पॅनवर भलताच व्यवहार असेल तर तिथे सापडायची शक्यता असते.

आता आधीच काय काळजी घ्यायची ते. ओटीपी देऊ नका हे सगळ्यांना पाठ झालंय, चांगलंच आहे, पण ते मुख्यतः पहिल्या चोरीचं कुलूप. दुसरीचा माल बाहेर पडतो झेरॉक्सवाल्याकडे, जिथे आपण आधारची पीडीएफ त्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो, प्रिंट घेतो आणि निघतो, फाइल त्याच्या कॉम्प्युटरवर तशीच पडलेली. लॉजवाला, रूम दाखवणारा एजंट, सगळीकडे तेच. डिलीट करायला समोर उभं राहून सांगा, कुणाला राग येत नाही. जिथे चालतं तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात, आणि झेरॉक्सवर आडवं लिहा की कशासाठी दिली आणि कधी.

अंगठ्याचं प्रकरण दोन्हीच्या मधे येतं. २०१८ मध्ये तेलंगणात एका सिम विकणाऱ्याने सरकारी वेबसाइटवरच्या खरेदीखतांवरून ठसे उचलले, रबराचे अंगठे बनवले आणि लोकांच्या नावावर सिम चालू केली. तसाच नकली ठसा आधारवर पैसे देणाऱ्या मशीनवर लावला तर खात्यातून पैसेही जातात, ओटीपी न मागता. याला उपाय म्हणजे आधारच्या साइटवर किंवा ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करणं, लागेल तेव्हा तेवढ्यापुरतं उघडता येतं. आईवडिलांचं तर आजच करून द्या.

आणि वसुलीवाल्याचा फोन आलाच तर "दोनच हजार आहेत, भरून टाकू, कटकट नको" असं अजिबात करू नका. पैसे भरले की ते कर्ज तुम्ही मान्य केल्यासारखं होतं, मग डिस्प्युटमध्ये बोलायला जागा उरत नाही, आणि तडजोड करून थोडे भरले तर रिपोर्टवर "सेटल्ड" असा शेरा लागतो जो पुढची बँक वाचते. त्याला एवढंच सांगा की हे कर्ज माझं नाही, तक्रार केलेली आहे, तिचा नंबर हा, पुढचं सगळं लेखी पाठवा.