मोजकेच पदार्थ खाणाऱ्यांसाठी: आर्फिड आणि आहारतज्ज्ञाची मदत

आमच्या आहारसल्ला केंद्रात पहिल्यांदा येणारे पालक बरेचदा खालच्या आवाजात विचारतात, "आम्हीच फार लाड केले का हो?" तसं नाही. मूल चार-पाच पदार्थांपलीकडे काही तोंडात घालत नसेल, नवीन पदार्थ नुसता ताटात वाढला तरी त्याला उमासे येत असतील आणि त्यापायी वजन-उंची खुंटली असेल, रक्ताचे रिपोर्ट बिघडले असतील किंवा वाढदिवस, सहल, लग्नकार्य सगळंच टाळावं लागत असेल, तर तो आजार असू शकतो. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदानपुस्तिकेत त्याची स्वतंत्र नोंद केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू असलेल्या आजारांच्या वर्गीकरणातही तो आहे. पूर्ण नाव अ‍ॅव्हॉइडंट रिस्ट्रिक्टिव्ह फूड इनटेक डिसऑर्डर, म्हणजे खाणं टाळण्याचा किंवा अगदी मोजकं ठेवण्याचा आजार. बोलताना सगळे आर्फिड म्हणतात. बारीक व्हायचं म्हणून किंवा जाड होऊ या भीतीने खाणं सोडणं यात बसत नाही.

असं का होतं

काहींना चव, वास, रंग आणि मुख्य म्हणजे पोत सहन होत नाही. भात चालतो, पण त्यावर वरण पडलं की पूर्ण ताट नको. केळ्यावर एक काळा ठिपका दिसला की ते बाजूला. बिस्किटाचं वेष्टन बदललं तरी 'हे ते नाही' म्हणून कायमचं बंद. ऑटिझम किंवा एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असलेल्या मुलांत हे जास्त दिसतं, पण त्यांच्यातच दिसतं असं नाही.

काहींना भीती बसलेली असते. बोंबील-मांदेलीवर वाढलेल्या माणसाच्या घशात एकदा काटा अडकतो, मग मासे सुटतात, पाठोपाठ चपाती सुटते आणि शेवटी पेज, दूध, ताक एवढ्यावर दिवस निघतो. उलटीच्या एखाद्या वाईट अनुभवानंतरही असं होतं. मोठ्या माणसांमध्ये हे कमी ओळखलं जातं. ऑफिसात डबा न उघडणाऱ्याला कोणी काही विचारत नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं लपून राहतं.

तिसऱ्या प्रकारात भूकच फारशी लागत नाही, खाणं हे एक ओझं वाटतं. एकाच माणसात तिन्ही कारणं असू शकतात.

आम्ही काय करतो

निदान आम्ही करत नाही. ते बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ करतात. बद्धकोष्ठता, अ‍ॅसिडिटी, दात किंवा टॉन्सिलचं दुखणं, गिळण्याची अडचण आधी तपासून घ्यावी लागते. भीती खोल असेल तर मानसोपचार हाच मुख्य उपचार, आणि आम्ही त्या डॉक्टरांशी बोलून आहार ठरवतो.

आमचं काम सुरू होतं ते माणूस आज जे खातो त्यापासून. त्या यादीतला एकही पदार्थ आम्ही बंद करायला सांगत नाही, मग तो इन्स्टंट नूडल्स का असेना. त्या यादीतून उष्मांक, प्रथिनं, लोह, कॅल्शियम, बी-१२, ड आणि क जीवनसत्त्व किती मिळतं ते काढतो. जिथे तूट आहे तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध किंवा पूरक आहार. तूट भरत असली की भाजीवरून भांडण्याची घाई उरत नाही. एक गोष्ट घरोघरी दिसते. जेवत नाही म्हणून दूध वाढवलं जातं. लहान मूल दिवसाला अर्ध्या लिटरहून बरंच जास्त दूध पीत असेल तर पोट त्यानेच भरतं, आणि दुधात लोह नगण्य असतं.

मग शेजारचा पदार्थ शोधतो. कोरडा डोसा चालतो? तोच डोसा थोडा जाड. नंतर त्याच पिठाचं छोटं उत्तप्पम, काहीही न घालता. एका वेळी एकच बदल, तोही मुलाला आधी सांगून. नवीन पदार्थ खायचाच असं नाही. वेगळ्या वाटीत समोर असणं, हात लावणं, वास घेणं, ओठाला लावून पुसून टाकणं, हीसुद्धा पायरी धरतो. महिने लागतात. महिन्याभरात सगळं खाईल असं कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

घरच्यांना कळकळीची विनंती

पराठ्यात बीट किंवा पालक लपवू नका. मुलाला कळतंच, आणि मग खात्रीचा तो एक पराठाही हातचा जातो. उपाशी ठेवून बघू नका. ही मुलं खरोखर उपाशी राहतात. चिऊ-काऊचे घास, मोबाइल, बक्षीस, दरडावणी यांनी एखादा घास जातो, पण ताटाची धास्ती वाढते. जेवणाच्या वेळा ठरलेल्या ठेवा, ताटात खात्रीचा एक पदार्थ हमखास असू द्या, किती खायचं ते त्याच्यावर सोडा. गणपतीत, पंगतीत आग्रह करणाऱ्या नातेवाइकांना तुम्हीच आधी फोन करून सांगा. मुलाला सगळ्यांसमोर उत्तर द्यायला लावू नका.

हे दिसलं तर आधी हॉस्पिटल

चक्कर, बेशुद्धी, छातीत धडधड, पाणीही न जाणं, लघवी खूप कमी होणं, वजन झपाट्याने उतरणं: यात आमच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. कोणी पाच-सहा दिवस जवळपास काहीच खाल्लेलं नसेल तर घरी एकदम भरपूर खाऊ घालू नका. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम अचानक घसरून जिवाला धोका होऊ शकतो. त्यांचं खाणं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवायचं असतं. मनावर फार ताण असेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ विनाशुल्क आहे, मराठीतही बोलता येतं.

पहिल्या भेटीला येताना

आठवडाभर जे खाल्लं ते जसंच्या तसं लिहून आणा, ब्रँड आणि कंपनीसकट. सोबत वजन-उंचीच्या जुन्या नोंदी, रक्ताचे रिपोर्ट आणि चालू औषधं आणा. गर्दीच्या वेळी लोकलने येणं जमणार नसेल तर दुपारची वेळ मागा. मूल यायला तयार नसेल तर पहिल्यांदा फक्त आई-बाबा आले तरी चालतं. ते आलं तर त्याचा नेहमीचा खाऊ सोबत असू द्या; आमच्याकडे त्याला कोणीही काही खायला लावणार नाही.